घाटात गाडी थांबली तर

बंगळुरू
रविवार सकाळ

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो, बघतो" म्हणतात आणि बोलणं गणपतीच्या आराशीकडे वळतं. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी मिळून वाचा आणि गाडीच्या कागदांत ठेवा.

गेल्या वर्षी गावी जाताना हेळवाकच्या पुढे, कुंभार्ली घाट उतरताना मागचं चाक बसलं, हे मला कळलं दिवाळीत. तेही आईच्या तोंडून निसटलं म्हणून. पावसात अडीच तास उभे होतात. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. शेवटी पोफळीचा एक टेम्पोवाला आपणहून थांबला, चाक खाली नेऊन हवा भरून घेऊन आला. तोवर आईची साखर उतरून हातपाय थरथरायला लागले होते आणि खायचं सगळं डिकीत, सामानाच्या तळाशी. मी त्या वेळी ऑफिसात होते. "पोचलात का?" असा मेसेज टाकला, उत्तर आलं नाही, तर रेंज नसेल म्हणून कामाला लागले. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

गाडीने जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. बाबा, त्या घाटाची वळणं तुम्हाला पाठ आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, सारखा ब्रेक दाबून तो तापवायचा नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. गाडी बंद पडू नये याची काळजी तुम्ही घेताच. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. ती बंद पडलीच, तर तुम्ही दुरुस्तीच्या मागे लागू नका. मदत येईपर्यंतचे दोन-तीन तास सुखरूप कसे काढायचे, त्याची तयारी करा. वय ७२ आणि ६७, उजवा खांदा आखडलेला, वर पाऊस. अशात नट सोडवत रस्त्यावर बसायचं नाही. पंक्चरवाले मशीनने नट इतके आवळतात की ते तुमच्या हाताला येणारच नाहीत. उतारावर तर जॅक लावायचाच नाही.

चाक बसलं तरी वळणावर थांबू नका. अगदी हळू, रस्ता रुंद होतो तिथपर्यंत न्या. टायर जाईल, रिम वाकेल, जाऊ दे. हॅण्डब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि चारही इंडिकेटर सुरू करा. लाल त्रिकोण गाडीबरोबर मिळालाय, तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, मी पाहिलाय. तो वरच्या बाजूला किमान पन्नास पावलं मागे ठेवा. मागे वळण असेल तर वळणाच्याही वर. वळण घेतल्यावर त्रिकोण दिसून ट्रकवाल्याला काही उपयोग नाही. आणि आई, पाऊस आहे म्हणून गाडीत बसून राहू नकोस. मागून कुणी धडकलं तर ते गाडीलाच धडकणार. रस्त्यापासून बाजूला, गाडीपासून लांब उभे राहा. गाडीच्या पुढे नको, धक्क्याने ती पुढेच ढकलली जाईल, आणि डोंगर कापलेल्या कड्याखालीही नको. त्या दिवसांत दरड कधी येईल सांगता येत नाही. दोघांसाठी पिवळे रेनकोट घेतलेत. बाबांचा तो काळा रेनकोट अंधारात दिसतच नाही.

खाण्याची पिशवी या वेळी मागच्या सीटवर. ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, पाणी, दोघांची दोन दिवसांची औषधं, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक. शंभराच्या सुट्ट्या नोटाही ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. औषधांची नावं आणि रक्तगट एका कागदावर, मोठ्या अक्षरात. बोलायला सुचलं नाही तर तो कागद दाखवता येतो.

पॉलिसी मी काढून वाचली. तिच्यात रस्त्यावरची मदत आणि टोइंग दोन्ही आहे. तो नंबर सन व्हायजरला चिकटवू. त्याच्याखाली ११२ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे, पण घाटात आधी ११२ लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर तो लागू शकतो. कुठे आहात हे सांगायला जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचा. "घाटात, मोठ्या झाडाजवळ" असं सांगून कुणी शोधू शकत नाही. काहीच लागलं नाही तर येणाऱ्या एसटीला हात करा. ड्रायव्हर-कंडक्टर पुढच्या गावात निरोप देतात. बाबा, गेल्या वेळी तुम्ही कुणालाच हात केला नाहीत. अडीच तासांत किती गाड्या गेल्या असतील! तुम्ही स्वतः रस्त्यात किती जणांसाठी थांबलाय, ते आम्ही मागच्या सीटवरून पाहिलंय. मग इतरांना तुमच्यासाठी थांबू द्या की.

खाली उतरल्यावर रस्त्यावर पाणी दिसलं तर तिथेच थांबा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. आत पाणी गेलेलं असेल तर इंजिन कायमचं जातं. गाडी तशीच सोडा आणि दोघं बाहेर पडा.

आता आपल्यात एक ठरवू. कोयनानगरला चहाला थांबता, तिथून मला फोन करायचा: "निघालो." चिपळूणला उतरलात की दुसरा. दोन तासांत दुसरा फोन आला नाही, तर मी वाट बघत बसणार नाही. चिपळूणच्या मामाला आणि ११२ ला कळवणार. रेंज नव्हती एवढंच निघालं तर मामाची फेरी फुकट जाईल, मी त्याची माफी मागेन. त्याच्याशी बोलून ठेवलंय. आणि काही झालं तर त्याच दिवशी सांगायचं, दिवाळीची वाट बघायची नाही. मला काळजी लागेल म्हणून लपवता, पण त्यामुळे आता तुम्ही "सगळं ठीक" म्हणालात तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो.

येत्या शनिवारी रात्री निघून रविवारी कराडला पोचतेय. बॅटरीला चार वर्षं झाली आणि मे महिन्यात सेल्फचा आवाज मला बसका वाटला होता, ती बदलून घेऊ. पंपावर चार चाकांबरोबर पाचव्यातही हवा भरू. पंक्चरवाल्याकडून सगळे नट एकदा सोडवून पान्याने हातानेच आवळून घेऊ. त्रिकोण उघडून उभा कसा करायचा ते आई, तू करून दाखवायचंस, बाबांनी नाही.

तुमची
मनू