पोरगी वर्गात, निरोप उसाच्या फडात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ‘एनएमएमएस परीक्षेत प्रशालेचे घवघवीत यश’ ही बातमी वाचली. एनएमएमएस म्हणजे गरीब घरच्या हुशार पोरांसाठी असलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची, आठवीत द्यायची परीक्षा. पोरं ओळीनं उभी, हातात गुलाबाचं फूल, मागे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गावची पुढारी मंडळी. पोरांचं मनापासून कौतुक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, कुठला क्लास न लावता नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर सोडवायचे आणि राज्याच्या ११,६८२ जणांच्या कोट्यात नाव आणायचं, हे सोपं नाही. पण या पोरांनी जूनमध्ये नववीत गेल्यावर शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठं भरायचा, कागदं कोणती लागतात, शाळेनं काय करायचं असतं, याबद्दल आपल्या बातमीत एक अक्षर नाही.

राग येण्याचं कारण असं, की दोन वर्षांपूर्वी असाच फोटो आपल्याच पेपरात आला होता आणि त्यात माझ्या बहिणीची मुलगी होती. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये तिच्या हक्काचे होते. आज ती दहावीची परीक्षा देतेय आणि तिच्या खात्यावर यातला एक रुपया आलेला नाही. पुढंही येणार नाही.

माझी बहीण आणि मेहुणे ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाचा, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रॅक्टर दारात येतो. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, ते कधी कोल्हापूरकडं तर कधी कर्नाटकात. पोरगी गावात आजीजवळ राहते आणि शाळेत जाते. एक दिवस शाळा बुडवत नाही, हवं तर हजेरीपट बघा. घरात मोठा फोन एकच, तो मेहुण्यांजवळ फडावर. आजीजवळ बटनाचा फोन. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेहुण्यांचा नंबर आहे. ‘नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अमुक तारखेच्या आत अर्ज भरा’ हा निरोप शाळेनं त्या ग्रुपवर टाकला आणि शाळेच्या दृष्टीनं काम संपलं.

पोरगी त्या दिवशी वर्गात होती. निरोप टाकणारे सर त्याच वर्गावर तास घेतात, हजेरी घेताना तिचं नाव पुकारतात. तिला उभं करून ‘तुझा फॉर्म राहिलाय, उद्या आजीला घेऊन ये’ एवढं सांगायला काय लागत होतं? पोरगी समोर बाकावर बसलेली आणि निरोप गेला चारशे किलोमीटरवर, उसाच्या फडात. तिथं माणूस पहाटे अंधारात कोयता हातात घेतो आणि मोळ्या वाहून, गाडी भरून देऊन रात्री कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात, येतो. फोन चार्ज करायचा तर ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावायचा, नाहीतर जवळच्या गावात दुकानदाराला पैसे देऊन त्याच्याकडं ठेवायचा.

पट्टा पडल्यावर बहीण घरी आली तेव्हा मी तो फोन हातात घेऊन ग्रुप वरपर्यंत चाळला. सुप्रभात, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी निधनाची बातमी, झाडं लावल्याचे फोटो आणि त्यात मधेच ती पीडीएफ. तिच्यावरचा डाउनलोडचा बाण तसाच होता, म्हणजे ती उघडलीच गेली नव्हती. त्याच्या खाली काही दिवसांनी आलेला दुसरा निरोप : ‘मुदतवाढ मिळाली आहे. राहिलेल्यांनी त्वरित अर्ज भरावेत. नंतर शाळा जबाबदार राहणार नाही.’ राहिलेले कोण हे शाळेला माहीत नव्हतं का? पात्र झालेली पोरं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. त्यांचा फोटो काढताना शाळेला प्रत्येकाचं नाव, तुकडी, मार्क तोंडपाठ होते.

मी शाळेत गेले, तर ‘ग्रुपवर टाकलं होतं, मॅडम.’ पंचायत समितीत गेले, तर हे काम जिल्ह्याला. जिल्ह्याला गेले, तर पोर्टल बंद झालंय, ते वरूनच उघडतं, आणि नववीचा अर्ज हुकला की पुढं संधी नाही. सगळे नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. पण पोरीचे पैसे कुणामुळं बुडाले हे कागदावर लिहून द्यायला कुणी तयार झालं नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे. मोबाइलवर माहिती भरणं, ओटीपी मागणं, चेहऱ्याची पडताळणी करणं हे माझं रोजचं काम आहे. एखादी गरोदर बाई बैठकीला आली नाही, फोन लागला नाही, तर आम्ही तिच्या घरी जातो. शेतात असली तर शेतात जातो. ‘ग्रुपवर टाकलं होतं’ हे उत्तर आमच्या पर्यवेक्षिकेनं ऐकूनसुद्धा घेतलं नसतं.

आणि नुसता फॉर्म भरून भागत नाही. तो शाळेनं आपल्या लॉगिनवरून तपासून पुढं पाठवायचा, मग जिल्ह्यानं तपासायचा, दोघांच्या मुदती वेगळ्या. शाळेनं तपासला नाही तर पोराचा फॉर्म बरोबर असूनही तिथंच पडून राहतो. खातं आधारला जोडलेलं हवं. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळायला हवं. उत्पन्नाचा दाखला साडेतीन लाखांच्या आतला हवा. दर वर्षी नूतनीकरण करायचं ते वेगळंच. दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५५) पडले नाहीत तर अकरावीपासून पैसे बंद. हे सगळं चौदा वर्षांच्या पोरीनं आणि तिच्या आजीनं कुणाकडून शिकायचं? शाळेनं नाही सांगितलं तर कोण सांगणार?

आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, पुस्तकं फुकट मिळतात, गणवेश मिळतो. हंगामी वसतिगृह सुरू झालं तर मागं राहिलेल्या पोरांना संध्याकाळचं जेवणही मिळतं. नववीत पाऊल टाकलं की हे सगळं एकदम थांबतं. शाळा तीच, मैदान तेच. मधल्या सुट्टीत आठवीची पोरं ताटं घेऊन ओळीत बसतात आणि नववीची पोरं घरून डबा आणला असेल तर खातात, नाहीतर नळावर पाणी पिऊन वर्गात जातात. पुस्तकं विकत, वह्या विकत, गणवेश विकत. आमच्या पोरीनं नववीची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलीकडून निम्म्या किमतीत घेतली, त्यात विज्ञानाच्या पुस्तकाची शेवटची पानंच नव्हती.

आणि ऊसतोडीच्या घरात नेमकं याच वयात पोरीच्या लग्नाचं बोलणं निघतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आमच्या घरीही स्थळ आलं होतं. ‘घरात जाणती पोर एकटी कशी ठेवायची,’ असं बहिणीच्या सासूबाईंचं म्हणणं. त्यांचंही चुकत नाही, रात्री दाराला कडी लावून नातीला जवळ घेऊन निजणारी म्हातारी बाई ती. ‘आत्याबाई, दर वर्षाला बारा हजार पोरीच्या नावावर येताहेत, बारावीपर्यंत कुणी तिच्या लग्नाचं नाव काढायचं नाही,’ असं मला ठणकावून सांगता आलं असतं. ते तोंड शाळेनं माझ्याजवळ ठेवलं नाही. बहीण खमकी निघाली म्हणून पोरगी आज परीक्षेला बसली आहे. केंद्रानं ही शिष्यवृत्ती २००८ मध्ये काढली तीच मुळी आठवीनंतर पोरांची शाळा सुटू नये म्हणून. आमच्या शाळेत ती फोटोपुरती राहिली.

शिक्षकांची अडचण मला कळते. लिपिकाची जागा रिकामी, शाळेची यूडायसची सरकारी माहिती त्यांनीच ऑनलाइन भरायची, पोरांचे अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक त्यांनीच काढायचे, वर बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. ते ओझं कमी करा, मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. पण वर्गात बसलेल्या पोरीला हाक मारायला पोर्टल लागत नाही.

संपादक साहेब, आपल्याला विनंती अशी, की यशाची बातमी छापता तेवढ्याच मोठ्या अक्षरांत पोर्टल सुरू झाल्याची बातमी छापा आणि मुदत संपण्याआधी आठवडाभर रोज चौकट द्या. पेपर आमच्या गावात हॉटेलात येतो, पारावर येतो, ज्याला वाचता येतं तो दुसऱ्याला वाचून दाखवतो. ग्रुपवरची पीडीएफ कुणी कुणाला वाचून दाखवत नाही. शाळांना माझं सांगणं, की निरोप पोराच्या हातात कागदावर द्या आणि घरच्या माणसाचा अंगठा किंवा सही घेऊन तो परत मागवा. फॉर्म आईबाप गावात असताना, दसऱ्याच्या आत, शाळेतच बसवून भरून घ्या, म्हणजे ओटीपी समोरच मिळेल. पालक मेळावा जानेवारीत घेता तेव्हा निम्मं गाव फडावर असतं, तो जुलैत घ्या. आणि कालच्या फोटोतल्या पोरांपैकी किती जणांच्या खात्यावर पैसे जमा झाले, याची बातमी आपण पुढच्या वर्षी याच पानावर नावानिशी द्या. मी वाट बघते.

लिहायला बसलेच आहे तर एसटीचंही लिहिते. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत आहे, त्याची जाहिरात एसटीच्या पाठीवर असते. पण शाळा सुटते पाचला आणि आमच्या रस्त्याची गाडी साडेचारलाच निघून जाते, नाहीतर येतच नाही. पास दप्तरात असून पोरी रोज काळीपिवळीला पैसे देतात, दाटीवाटीनं बसतात, आणि पैसे नसले तर अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभ्या राहतात. आगाराला गावातल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याजवळ आहे. आपला वार्ताहर आला तर दाखवते. बोर्डाचे पेपर संपेपर्यंत तरी ती गाडी पाचनंतर सोडायला लावा.

कळावे,

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
जि. बीड