आधी दोन डबे, मग सॉफ्टवेअर

मा. संपादक, स.न.

लहान कारखानदारांनी सॉफ्टवेअर घ्यावं, सगळं ऑनलाइन करावं असं हल्ली पेपरात सारखं वाचायला मिळतं म्हणून लिहितोय. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), आम्ही सात जण. मीपण 3 वर्षांपूर्वी 60 हजार घालून असंच एक स्टॉकचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. पण एन्ट्री कोण मारणार? ऑपरेटर मशीनवर, मी पार्टीकडे. दोन महिन्यांनी स्क्रीनवर इन्सर्ट (टूलला लावायचे कापणारे तुकडे) 40 आणि कपाटात एकही नाही.

शेवटी उपयोगी पडले ते प्लास्टिकचे डबे. प्रत्येक आयटमचे दोन, पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकाम्या डब्यातलं कार्ड माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याला अडकवायचं, कार्ड दिसलं की मी ऑर्डर टाकतो, बास. डोकं लावायचं ते एवढंच की मागच्या डब्यात किती ठेवायचं, सप्लायर 4 दिवस लावत असेल तर 6 दिवस पुरेल इतकं. टोयोटात तिथले इंजिनिअर ताइची ओनो यांनी हेच कानबान नावाने चालवलं, आणि त्यांना ते सुचलं अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून, म्हणजे मुळात वाण्याचीच अक्कल की!

दुसरं म्हणजे सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करणं. जॉब बदलायला सव्वा तास जायचा. एकदा मोबाइलवर शूटिंग केलं तर निम्मा वेळ ॲलन की आणि ड्रिल शोधण्यातच. आता आधीचा जॉब चालू असतानाच पुढचे टूल ट्रॉलीवर काढून ठेवतो, भिंतीवरच्या प्लायवर प्रत्येक पान्याची आउटलाइन मारलीय, जागा रिकामी दिसली की लगेच कळतं. 40 मिनिटांत काम होतं. खर्च म्हणाल तर प्लाय, मार्कर आणि खिळे.

सॉफ्टवेअर वाईट नाही, 30-40 माणसं झाली की लागेलच. पण त्याआधीच्या या असल्या साध्या पद्धती शिकवायला केंद्र सरकारची लहान-मध्यम उद्योगांसाठी एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन स्कीम (लीन म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करणं) 2023 पासून आहे, खर्चातला 90 टक्के वाटा सरकार उचलतं, उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र हवं. आमच्या गल्लीत विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं! अर्ज कसा करायचा, किती दिवस लागतात हे एकदा सरळ मराठीत छापा ना.

आणि हो, कार्डाची सवय लागायला 3 आठवडे गेले, पहिली दोन कार्डं हेल्परच्या पँटीबरोबर धुऊन निघाली.

आपला,
एक वर्कशॉपवाला, भोसरी