मोजमाप पुस्तिका मागून घे

नागपूर

चि. प्राची,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही दोघांनी वाचला. बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, तिला पुण्याच्या नोकरीवर परत जायला सांग. मला मात्र अर्जातच दुरुस्ती करावीशी वाटली. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहिते.

'आमच्या पुनर्वसित गावठाणात नागरी सुविधा अजून का नाहीत?' असं तू विचारलं आहेस. प्रश्न खराच आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे खर्च कित्येक हजार कोटींवर गेला, आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली ती माणसं अजून नळाची वाट बघताहेत, याचा मलाही संताप येतो. पण तुझ्या अर्जाला दोन ओळींचं उत्तर येईल की, प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. संपलं.

लेखा शाखेत जन्म गेलेल्या बाईचं ऐक. हा कायदा तुला कार्यालयात असलेला कागद देतो, कारणं देत नाही. तेव्हा कागद माग. पुनर्वसनाच्या १८ नागरी सुविधांपैकी एकच घे, समज अंतर्गत रस्ते. त्यांचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक, एवढ्यांच्या साक्षांकित प्रती. आपल्या राज्यात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून नळयोजनेचा अर्ज वेगळा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको. माहिती कशाला हवी असं कुणी विचारलं, तर कलम ६(२) दाखव. कारण सांगायची गरज नाही.

या सगळ्यात जीव आहे तो मोजमाप पुस्तिकेत. अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजायची, तारीख घालून तिच्यात लिहायचं, वरिष्ठाने तपासून सही करायची. त्याशिवाय कंत्राटदाराचं बिल पुढे सरकत नाही. भाषण फिरवता येतं, पुस्तिकेतला आकडा फिरवता येत नाही. खाडाखोड केली तर तीही दिसते. ती प्रत हातात आली की टेप घेऊन गावठाणात जा आणि त्याच रस्त्यावर अंथर. कायद्याने कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. लोक हे विसरतात.

डिसेंबरात अधिवेशनाला दरवर्षी इथे मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघतात, टेकडी रोडला अडवले जातात, शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देतं आणि माणसं रात्रीच्या गाडीने परत जातात. मोर्चा काढू नको असं मी म्हणणार नाही. पण निवेदनाला मुदत नसते, अर्जाला ३० दिवसांची असते. उत्तर नाही आलं की पहिलं अपील, तिथे नाही जमलं तर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील, आपल्याकडे राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. आयोगाने निकाल किती दिवसांत द्यायचा, याला मात्र कायद्यात मुदतच नाही. कायद्यातलं सर्वात मोठं भोक मला हेच वाटतं. धीर धरावा लागेल.

आणखी एक अडचण नवी आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक वाक्य पूर्वी तिथे होतं, ते गेलं. आमदाराला मिळेल ते शेतमजुराला मिळेल, एवढं मोठं वाक्य होतं ते. भूखंडवाटपाची यादी मागशील तेव्हा 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येईल. कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात ते ठळक लिही.

खिडकीवरच्या माणसाशी भांडू नको. जनमाहिती अधिकारी म्हणून बसवलेला बहुतेक वेळा खालचाच असतो. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, हा दंड त्याच्या पगारातून जातो आणि ज्याच्या सहीने पैसे गेले तो नामानिराळा राहतो. शिवाय अर्ज टाकून मागच्या दाराने मांडवली करणारेही असतात, त्यांच्यामुळे खरी माणसं बदनाम होतात. तशांच्या सावलीलाही उभी राहू नको.

आता बाबांच्या भीतीचं. ती खोटी नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो अंमलातच आणला नाही. म्हणून माझं एकच मागणं आहे, एकटी पडू नको. सगळे कागद तुझ्याच पिशवीत असतील तर सगळा राग तुझ्याच वाट्याला येईल. अर्ज पाचसहा जणांच्या नावाने जाऊ दे, त्यात बायका असू दे, आणि आलेला प्रत्येक कागद ग्रामसभेत मोठ्याने वाच. राजस्थानात अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी १९९४ पासून जनसुनवाईत हेच केलं. हजेरीपट गावासमोर वाचले, तेव्हा कधी कामावर न गेलेल्यांची नावं त्यात निघाली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' म्हणत १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं झालं. देशाचा कायदा २००५ ला आला, त्याच्या मागे ही माणसं होती. ज्या रस्त्याची नोंद वाचशील त्या रस्त्यावर राहणारी बाई समोर बसलेली असेल, आणि तो झाला की नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. गावाला एकदा हिशेब पाठ झाला की एका माणसाला गप्प करून कुणाला काही मिळत नाही. बाबांना हे मी समजावलं आहे. तरी रात्री त्यांना फोन करत जा.

दुरुस्त केलेला अर्ज सोबत पाठवते आहे. सह्या तुमच्या, मसुदा माझा. मोजमाप पुस्तिकेच्या पाहणीची तारीख मिळाली की लगेच कळव, मीही येते. ती वाचायची कशी हे तिथेच बसून तुला आणि गावातल्या दोन पोरींना शिकवीन.

तुझी,
आई