अप्पांचं वरण

प्रिय मंद्या,

तब्येत ठीक, थंडी भयंकर, नोकरीचं अजून काही नाही. हे पत्र तुझ्या अप्पांमुळे लिहितोय. घरी कुणाला सांगितलं तर कळणार नाही, तुला कळेल.

माझी इंटर्नशिप माहितीय ना, खूप आजारी लोकांना घरपोच जेवण देणारी इथली संस्था, पैसे घेत नाहीत. सगळ्यांना एकच डबा असं नाही, किडनीवाल्याला वेगळं, केमोने तोंड आलंय त्याला मऊ, गिळता येत नाही त्याला वाटून. हे काम न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली गंगा स्टोन नावाच्या बाईने सुरू केलं, एड्सच्या एका पेशंटला भेटायला गेली तर त्याला उठून काही शिजवणंसुद्धा शक्य नव्हतं, मग ही स्वतःच जेवण न्यायला लागली, त्यातून गॉड्स लव्ह वी डिलिव्हर ही संस्था उभी राहिली. आणि ऐक, ही बाई त्याआधी आपल्या गणेशपुरीला मुक्तानंदांच्या आश्रमात राहून गेलेली! वज्रेश्वरीच्या कुंडावर तुझी नवी चप्पल गेली ना, तिथून जवळच.

तर माझं काम फोन करून विचारायचं, काय खाल्लं, काय उरलं, वजन किती. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात एक आजी आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मुलगा शिफ्टवर. आडनाव मराठी म्हणून फोन माझ्याकडे आला. आजवर सगळ्यांना "व्हेरी गुड" म्हणत आल्यात. मी मराठीत विचारलं तर थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "बाळा, मी ते शेजारणीला देते रे, घशाखाली उतरत नाही, पण सांगू नकोस, एवढं प्रेमाने पाठवतात." स्वतः खातात काय, तर चहाटोस्ट. वजन उतरत चाललंय. "नुसता वरणभात मिळाला ना, बास."

आणि मला किडनीच्या दुखण्यातले अप्पाच दिसले रे. तुमच्या ओट्यापाशी मी डाएटचा कागद घेऊन उभा, तू आमटीची वाटी घेऊन, आणि ते भांडण, नंतर किती दिवस अबोला, शेवटी गण्याच्या लग्नात एकाच पंगतीत वाढायला लावलं तेव्हा "जिलबी इकडे दे" एवढं बोललास. शहाळं बंद म्हणजे बंद, ह्यावर मी आजही ठाम आहे, पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, त्यात लाड नाहीत. पण वरणाचं वेगळं. डाळीत पोटॅशियम, फॉस्फरस दोन्ही आहेत, कबूल. पण डाळीतला फॉस्फरस अंगात पूर्ण शोषला जात नाही, पॅकबंद मांसात घालतात तो फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो, आणि डायलिसिसवाल्याला प्रोटीन उलट जास्त लागतं. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं की पोटॅशियम बरंच उतरतं. मग आजींचे रिपोर्ट बघून, मोजून, अर्धी वाटी मुगाचं वरण का बसू नये?

डाएटिशियनला सांगावं तर लागणारच, वजन उतरतंय म्हटल्यावर गप्प बसता येत नाही, आजींना तसं आधी सांगेनही. त्यांना भीती आहे की डबा बंद होईल आणि वर एवढ्या लोकांचा अपमान होईल. आणि मी नुसतं "खात नाहीत" एवढंच सांगितलं तर प्रोटीन ड्रिंकच्या बाटल्या जातील, त्याही शेजारणीकडे पोचतील. मला हातात काहीतरी घेऊन जायचंय. आणि कुठल्याच पुस्तकात नाही ते काकूंना येतं, अप्पांसाठी पाणी टाकून, मीठ जवळजवळ न घालता वरण करायच्या आणि अप्पा ते मागून खायचे. कसं? हिंग फोडणीत की वरून? हळद पाणी टाकल्यावर? लिंबू किती?

पझेशन मिळालं का? पिल्लूचे दात आले म्हणे, फोटो टाक. सुजाताला सांग, लोणच्याची बाटली फुटली नाही.

काकूंना व्हॉइस मेसेज करायला सांग, तू विचारून लिहून पाठवू नकोस, हॉस्टेलवर तू केलेली खिचडी मी खाल्लीय. सोमवारी मीटिंग आहे, त्याआधी मिळालं पाहिजे.

तुझा,
बाळ्या