रेशनकार्डावरचा शिक्का

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "पगार नाही, काही नाही, मग रोज कोर्टात मरायला जातेस कशाला?" मागून बाबांचा आवाज आला, "बँकेतली नोकरी सोडून फुकटच्या केसेस चालवतेय." फोनवर आपलं बोलणं सरळ भांडणाकडेच वळतं, म्हणून लिहितेय.

आधी एक दुरुस्ती. मी केसेस चालवत नाही, अजून लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. वकिलीची सनद मिळेपर्यंत मला कोर्टापुढे चकार शब्द काढता येत नाही. पांढरा ड्रेस घालून मागच्या बाकावर बसते. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजला विधी साहाय्य केंद्र चालवावं लागतं. शेवटच्या वर्षाची मुलं तिथं काम करतात आणि वर कुणीतरी जाणतं माणूस असतं. कित्येक कॉलेजांत ते केंद्र म्हणजे दारावरची पाटी आणि कुलूप. आमचं नशीब बरं. ज्या वकील मॅडमच्या हाताखाली आम्हाला दिलंय त्या विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पॅनेलवर आहेत. वकीलपत्र त्यांचं, सही त्यांची, बोलणं त्यांचं. माणसाचं ऐकून घेणं, नकलांसाठी अर्ज करणं, तारखा लावणं आणि कच्चा मसुदा लिहिणं हे आमच्याकडे. मसुदा परत येतो तेव्हा त्यात माझी निळी शाई शोधावी लागते, इतकी लाल झालेली असते.

एकाच मॅटरचं सांगते. नावं सांगणार नाही, ती सांगायची नसतात.

पावसाळ्यात एक मावशी आल्या, परभणीकडच्या. इथं धुणीभांडी करतात. मुलगा बिगारी, साइटवरची तांब्याची वायर चोरल्याच्या आरोपात आत. मी वही उघडून अर्धा तास वायर, साइट, मुकादम असं सगळं लिहून घेतलं. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "जामीन झालाय का?" ते मी विचारलंच नव्हतं.

जामीन झाला होता. अडुसष्ट दिवसांपूर्वी. पंधरा हजारांचा आणि एक जामीनदार. मावशींनी त्याचा अर्थ लावला, पंधरा हजार भरायचे. पदराच्या गाठीतून त्यांनी नोटा काढून दाखवल्या, सहा हजार दोनशे जमले होते. पोराच्या मामाला सातबारा घेऊन गावाहून बोलावलं होतं, तर इथलाच जामीनदार आणा म्हणून त्याला परत पाठवलं. मग त्या पुन्हा पैसे साठवायला लागल्या. जामीनदार म्हणजे पैसे भरणं नव्हे, पोरगा पळाला तर जबाबदार राहणारा माणूस, हे दोन महिने कुणी त्यांना धड सांगितलंच नव्हतं.

बाबा, यावर 1978 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश. तोही बांधकामावरचाच, गवंडी. त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. परीक्षेत यावर मी दीड पान लिहिलं होतं. मावशींच्या पोराच्या मामाची गोष्ट ऐकताना मात्र ते मला आठवलं नाही. मॅडमनी नुसतं "गवंडी" म्हटलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मग अर्ज केला. बंधपत्राची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 484 मध्ये लिहिलंय. शिवाय जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन मिळून महिनाभरात बंधपत्र देता आलं नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आलं, मॅडम पाच मिनिटं बोलल्या आणि पाच हजारांच्या पीआर बाँडवर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच बंधपत्रावर, सोडायचा आदेश झाला. अडुसष्ट दिवस आणि पाच मिनिटं!

आता माझी करामत ऐका. बाँडचा कागद मी भरला, नाव आधारकार्डावरून उतरवलं. एफआयआरमध्ये आणि तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये आडनाव एका अक्षराने वेगळं लिहिलेलं होतं. सुटकेचा आदेश माझ्या कागदाप्रमाणे निघाला आणि गेटवर अडला. हा आमचा माणूसच नाही म्हणाले. त्यांचंही चूक नाही, भलत्यालाच सोडून चालत नाही. तोवर कोर्ट उठलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे, म्हणजे चूक माझी. पण त्यांना सांगायला तू जा." गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मावशी बसल्या होत्या, शेजारी पिशवीत पोरासाठी आणलेला नवा शर्ट. मी सांगितलं, माझ्यामुळे झालं. त्यांनी शर्टाची घडी पुन्हा नीट केली आणि विचारलं, "उद्या पन हितनंच बस मिळंल ना?" आई, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून घेतली, संध्याकाळी पोरगा बाहेर आला. शर्ट त्याला ढगळ झाला.

आता कुठलाही कागद लिहिताना मी नाव तीन ठिकाणी ताडून बघते. बँकेत तीन वर्षं सह्या जुळवल्या, पण एका अक्षरापायी माणूस रात्रभर आत राहतो हे तिथं कळलं नसतं. मला काय मिळतं विचारलंत ना, सध्या हे मिळतं.

बाबा, तुमचं मला ठाऊक आहे. कुणाला जामीन राहू नये, हे मी लहानपणापासून ऐकतेय. ट्रॅक्टरच्या अपघातात तुम्ही चुलतभावाला जामीन राहिलात, तो तारखांना जायचा बंद झाला आणि नोटीस आपल्या दारात आली. जामीन राहिलात म्हणून रेशनकार्डावर बसलेला कोर्टाचा शिक्का आई पाहुण्यांपासून लपवायची. तुमचा राग खोटा नाही. पण म्हणूनच मावशींच्या पोराला जामीनदार मिळत नव्हता. ज्याच्या नावावर सातबारा आहे, असा जो तो तुमच्यासारखाच पोळलेला.

आई, शेजारच्या काकूंना सांग, पोटगीसाठी शेत गहाण टाकून वकील लावू नका. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते, आणि तुरुंगातल्या माणसालाही नसते. तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा किंवा 15100 वर फोन करायचा.

दिवाळीला चार दिवसच येईन, सुट्टीतही तुरुंगभेटी आहेत. गुडघ्याचं तेल घेऊन येते. आणि बाबा, तो चुलतकाकांचा खटला संपल्यावर तुमचा जामीन रीतसर मोकळा करून घेतला होता का? जुने कागद पत्र्याच्या पेटीत असतील, फोटो पाठवा. मॅडमना दाखवते. तोवर मला फोनवर काही विचारू नका, त्यांना विचारल्याशिवाय मी सल्ला देणार नाही.

तुमची,
माई