रिपोर्ट नॉर्मल, तरी मायग्रेन असतोच

संपादक महोदय,
रक्तातल्या लॅक्टेटचा (पेशी ऊर्जा बनवताना तयार होणारा पदार्थ) रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घरचे म्हणतायत, मायग्रेनबिग्रेन काही नाही, नाटकं आहेत. अहो, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेत शिकलो ते पेशीचं ऊर्जाकेंद्र, मायग्रेनमध्ये कमी पडतं असा संशोधकांचा अंदाज आहे आणि त्यासाठी ते रक्तातलं लॅक्टेट, पायरुवेट, कोएन्झाइम क्यू-10 असे ऊर्जा बनण्याशी संबंधित पदार्थ बघतात, पण ते रिसर्चपुरतं, निदान अजून लक्षणं विचारूनच होतं. 1998 साली छापून आलेल्या बेल्जियममधल्या अभ्यासात रोज 400 मिलिग्रॅम रायबोफ्लेविन (याच ऊर्जाकेंद्राला लागणारं व्हिटॅमिन बी-2) घेणाऱ्यांचे अटॅक तीन महिन्यांत कमी झाले होते, नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत एवढं नसतंच, त्यामुळे केमिस्टला विचारून भागणार नाही. तपासण्यांची महागडी पॅकेजं घेण्याआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा की!
— एक वाचक, दादर