बाहुलीमागचा नट

महोदय,

बाहुलीनाट्याला केवळ मुलांची करमणूक समजणाऱ्यांनी ब्रिटिश नट आणि बाहुलीकार नायजेल प्लास्किट यांची कारकीर्द पाहावी, असे मला मनापासून वाटते. १९७३ ते १९८१ या काळात ब्रिटनमध्ये दाखवल्या गेलेल्या ‘पिपकिन्स’ या बालमालिकेत हार्टले हेअर हा कळकट, बढाईखोर आणि तरीही लळा लावणारा ससा त्यांनी स्वतःच्या हाताने व आवाजाने जिवंत केला. बाहुल्या बनवणाऱ्या वृद्ध पिपकिनची भूमिका करणारे जॉर्ज वुडब्रिज १९७३ मध्ये वारले, तेव्हा निर्मात्यांनी नवा नट आणून वेळ मारून नेली नाही. पिपकिन मरण पावला आहे, हे चिमुकल्या प्रेक्षकांना मालिकेतच सांगितले. लहानांशी मृत्यूबद्दल इतके खरे बोलणे आजही दुर्मीळ आहे.

प्लास्किट पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्यानेही दिसले. १९७८ मध्ये ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेत त्यांनी एका भामट्याच्या साथीदाराची भूमिका केली. पुढे ‘स्पिटिंग इमेज’ या राजकीय विडंबनाच्या कार्यक्रमातही त्यांनी बाहुल्या चालवल्या. अशा कलावंतांचा उल्लेख श्रेयनामावलीत ‘तंत्रज्ञ’ म्हणून नव्हे, तर ‘नट’ म्हणूनच व्हायला हवा.

— एक वाचक, पुणे